उन्हाळ्यात जोडलेली होडी

जळगाव, २५ ऑक्टोबर १९६८

अक्का,

माझ्या हातांनी आजवर काय काय झालं ते एकदा लिहूनच काढतो. बैलगाडीच्या चाकांच्या जोड्या दोनशे चौदा. रुपचंद शेठच्या कापसाच्या जिनात सरकीच्या पेट्या सात. मशिदीचा जिना एक, पायऱ्या अकरा, एकही करकरत नाही. भुसावळच्या एका पॉइंट्समनचा लाकडी पाय, तो अजून त्याच पायावर ड्युटीला जातो. तुझ्या लग्नातला चौरंग. आखाजीच्या सणातल्या झोक्याचा पाट, तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो नि तू चौदाची. त्याची डावी बाजू अर्धा इंच आखूड होती, हे मी आजपर्यंत कोणाला सांगितलेलं नाही. आणि होडी एक. सोळा फूट लांब, पोटात पाच फूट दोन इंच रुंद. फळ्या सागाच्या, फासळ्या बाभळीच्या, खिळे युसूफने माझ्यासमोर भट्टीत घडवलेले.

आपल्या बापाचा धंदा शिवणाचा. मी एक दिवससुद्धा कोणा सुताराच्या हाताखाली राहिलो नाही. बघून बघून आणि मोडून मोडून शिकलो. हे तुला का सांगावं लागतं? कारण परवा भाऊबीज झाली आणि तू आली नाहीस. ताईबाईने, तुझ्या भावजयीने, पाट मांडला, रांगोळी काढली, दुपारी तीनला मुकाट्याने पुसली. बत्तीस वर्षांत असं पहिल्यांदा झालं. गेल्या वर्षी तुला ताप होता तरी आली होतीस.

मला काही कळत नाही, म्हणून विचारतो. मे महिन्यापर्यंत तुमची पत्रं दाजींच्या हातची असत. कस्टममधल्या बत्तीस वर्षांचं वळण, एका रेषेत. जूनपासून पत्र तुझ्या हातचं येतं, अक्षरं बोरांएवढी. दाजी खाली सहीसुद्धा करत नाहीत. त्यांचं माझ्याशी काही बिनसलं आहे का?

आणि पत्रात असतं काय? पहाटे ओहोटीबरोबर खाडीतून निघतो, भरतीबरोबर परत येतो. शिडाचा दोर मी धरते, 'हे' सुकाणूवर बसतात. हाताला आधी फोड आले, आता घट्टे पडले. किनाऱ्यावरच्या बायका बोंबील वाळत घालता घालता ओरडतात, "आजी, दोर सोडा, नाहीतर म्हातारा सोडा, दोन्ही सांभाळायचे नाहीत!" हे सगळं वाचून मी हसलो. पेन्शन घेऊन लोक गावी घर बांधतात. तुम्ही दहाणूला दोन खोल्या घेतल्यात आणि दिवस पाण्यावर काढता. पांझरेच्या गुडघाभर पाण्यात भिणारी माझी बहीण शीड ओढते! पण अक्का, चार पत्रांत वारा आहे, भरती आहे, बोंबलाचा वास आहे, होडीबद्दल एक ओळ नाही. ती कशी चालते? वळायला जड जाते का? पाणी घेते का? घेणार नाहीच. मेहरूणच्या तलावात ती दोन तास सोडली होती. तळाशी कोरडा रुमाल ठेवला होता, तो कोरडाच निघाला. ट्रकवर चढवताना दाजींनी फळ्यांच्या सांध्यावरून अंगठ्याचं नख फिरवलं आणि काही बोलले नाहीत. बोलायला जागाच नव्हती.

दाजींनी पाठवलेल्या आराखड्याप्रमाणे सूतभर इकडचं तिकडे केलेलं नाही. तेवढं एका ओळीत कळव.

कौतिक


जळगाव, २० नोव्हेंबर १९६८

अक्का,

तुझं कार्ड पोचलं. "सगळं ठीक आहे, चिकू पाठवते." होडीचं नावही नाही.

मेमध्ये ज्याने होडी पोचवली तो छगन ड्रायव्हर चिकू भरायला तुमच्याकडे आला होता. परवा माझ्या दुकानात येऊन बसला. आधी दोन कप चहा घेतला. मग म्हणाला, "कौतिकभाऊ, तुमची होडी मस्त आहे. कोंबड्या खूश आहेत."

"कसल्या कोंबड्या?"

"ती अक्काच्या परसात पालथी घातलेली आहे ना. खाली कोंबड्या, वर बोंबील."

मी विचारलं, मोडली आहे का. म्हणे, रस्त्यावरून तर नवी कोरी दिसते. मग तुम्ही रोज पाण्यात जाता ते कशातून? म्हणे, एका म्हाताऱ्या मिस्त्रीची जुनी डबडी होडी आहे, ठिगळं लावलेली, तिच्यातून.

अक्का, मी दीड महिना घरची कामं अडवून ती होडी बांधली. मार्चच्या शेवटी फळ्या कापल्या, पत्र्यावर वाळत घातल्या, एप्रिल-मेमध्ये जोडल्या. पारा एकशे चौदावर होता, दुपारी रंधा हातात धरवत नव्हता. त्या होडीत कोंबड्या? आणि ठिगळाच्या होडीत तुम्ही?

अजून एक. छगनने दाजींना राम राम केला. दाजी ओट्यावर बसले होते, उजवा हात उपरण्यात. त्यांनी डाव्या हाताने राम राम घातला. चहाचा कपही डाव्या हाताने दिला. माझ्या माणसाला डाव्या हाताने चहा! एवढा अपमान करण्यासारखं मी काय केलं ते त्यांनी मला समोर सांगावं. मी रागात नाही. मला फक्त कळत नाही.

ताईबाईला हे सांगितलं तर ती भाकरी थापत म्हणाली, "होडीनं बठ्ठा गावले सांगत फिरनात, आते बहिनले इचाराले लाज वाटस का?" मी तिला म्हटलं, विचारतोच आहे, पत्र लिहितो आहे. ती म्हणाली, पत्र कागदाले इचारस. माणूसले जाईसन इचारा.

कौतिक


धुळे, १६ डिसेंबर १९६८

अक्का,

कामानिमित्त धुळ्याला आलो आहे, तेव्हा दोन ओळी लिहाव्यात म्हटलं.

वरची ओळ खोटी आहे. खोडत नाही, कारण खाडाखोड मला खपत नाही. काम काही नाही. मी दहाणूला निघालो होतो. जळगावहून धुळे, धुळ्याहून नाशिक, पुढे जव्हारवरून दहाणू. नाशिकचं तिकीट काढून खिशात ठेवलं, गाडी लागली, कंडक्टरने दोनदा हाका मारल्या, आणि मी स्टँडवरच्या बाकावर बसून राहिलो. गाडी गेली. आता चुलतभावाच्या ओट्यावर बसून हे लिहितो आहे. त्याला सांगितलं, लाकूड बघायला आलो.

का चढलो नाही, तेच कळत नाही. होडीत काही दोष नसेल तर मी कशाला भ्यावं? आणि दोष असेल तर मला दिसला कसा नाही?

सकाळी पांझरेच्या काठावर गेलो. एक शेतकरी गाडीची चाकं पाण्यात बुडवून बसला होता. मी विचारलं, कशाला? म्हणाला, "आरे ढिल्ले व्हई गयात भाऊ. दोन दिन पानीमा ठेवं का मंग घट्ट." जसं काही मला ठाऊकच नाही. मी स्वतः तीस वर्षं लोकांना हेच सांगत आलो: चाक खुळखुळलं की नदीत टाक, लाकूड पाणी पितं, फुगतं, आरा जागेवर बसतो. मी त्याच्याशी हसलो, तंबाखू घेतली, आणि मग त्या पाण्यातल्या चाकाकडे बघत असा उभा राहिलो की तो म्हणाला, "काय भाऊ, काही हरपनं का?"

अक्का, चाकाला लाकूड फुगलेलं चालतं, कारण आऱ्याच्या भोकात थोडी जागा असते. होडीच्या फळ्यांना मी जागा कुठे ठेवली होती?

उद्या जळगावला परत जातो. मला एक गोष्ट करून बघायची आहे. तोवर काही लिहू नकोस. लिहिलंस तर चालेल.

कौतिक


जळगाव, १९ जानेवारी १९६९

अक्का,

करून बघितलं. जसं झालं तसंच लिहितो.

होडीतून उरलेल्या फळ्यांचे तुकडे दुकानात होतेच. ते युसूफच्या भट्टीशेजारी आठ दिवस ठेवून मेमधल्याइतके कोरडे केले. बाभळीच्या दोन फासळ्या घेतल्या. एका फासळीवर चार फळ्या होडीत ठोकल्या तशाच ठोकल्या: नख शिरणार नाही असा सांधा, दोन्ही टोकांना बाभळीचा ठोकळा पक्का केला. दुसऱ्या फासळीवर तशाच चार फळ्या, पण प्रत्येक दोन फळ्यांच्या मध्ये एक सूत फट. मग दोन्ही नमुने चाकाची लोखंडी धाव थंड करायच्या हौदात बुडवले, वर दगड ठेवला आणि रोज सकाळी सातला बाहेर काढून मोजले.

पहिला दिवस, काही नाही. दुसऱ्या दिवशी घट्ट नमुन्याच्या मधली फळी केसभर उचललेली. तिसऱ्या दिवशी खिळ्यांची डोकी लाकडात बुडाली. फटीच्या नमुन्याची फट अर्ध्यावर आली. पाचव्या दिवशी दुपारी मी गाडीचा वरचा सांगाडा ठोकत होतो, ताईबाई डबा घेऊन आली होती. हौदातून बंदुकीचा बार निघावा तसा आवाज झाला. तिच्या हातातलं ताक सांडलं.

"काय फुटनं?"

मी नमुना वर काढला. बाभळीची फासळी मधोमध उभी तडकली होती. बाभूळ, अक्का! जी कुऱ्हाडीला दाद देत नाही. दोन खिळे मुळासकट उपटले होते, मधली फळी बोटभर वर आली होती. मी दुसरा नमुना काढला. त्याची फट नाहीशी झाली होती. पाण्याने ती स्वतःच भरून काढली होती. तिथे माझं नख शिरलं नाही.

ताईबाई दोन्ही नमुने बघत राहिली. मग म्हणाली, "हाई तर भिजेल दाळगत शे. फुगाले जागा नही दिधी तर भांडाबाहेर येईच." तिला एका क्षणात कळलं. मला तीस वर्षं माहीत असून कळलं नव्हतं. हे कसं होतं? जी गोष्ट मी स्वतः लोकांना शिकवली ती माझ्याच हाताला का ठाऊक नव्हती? चार रात्री याच एका गोष्टीवर विचार करतो आहे आणि पुन्हा तिथेच येतो. चाकवाल्याच्या धंद्यात फट म्हणजे चोरी. फट दिसली की गिऱ्हाईक म्हणतं, मिस्त्री, डोळे गेले का? मी होडीकडे चाकवाल्याच्याच नजरेने बघितलं असणार. पण मी फक्त चाकवाला नाही असंच तर मी सगळ्यांना सांगत होतो.

आणि आता जे पहिल्या पत्रात लपवलं ते. दाजींच्या आराखड्यावर कडेला पेन्सिलीने एक ओळ होती. "फळ्यांत सूतभर फट ठेवावी, मागाहून कापूस भरू." ती मी वाचली होती. मला वाटलं, हा कारकुनाचा सावधपणा. मी ती ओळ खोडरबराने पुसली, म्हणजे युसूफला दिसू नये.

ट्रकवर चढवायच्या दिवशी दाजींनी सांध्यावर नख फिरवलं तेव्हा ते काही बोलले नाहीत, असं मी लिहिलं. ते बोलले होते. हळूच म्हणाले, "कौतिकराव, फट?" आणि मी चाळीस माणसांसमोर म्हटलं, "दाजी, फटच ठेवायची तर बुरुडाकडे जाऊन टोपली विणून घ्यायची होती." सगळे हसले. छगन तर ट्रकच्या फाळक्याला धरून हसला. दाजीही हसले. मग पागोटं सारखं करून ट्रकमध्ये बसले.

आता मला खरं सांग. ती पाण्यात फुटली तेव्हा तुम्ही आत होतात का?

कौतिक


जळगाव, २३ फेब्रुवारी १९६९

अक्का,

तुझं चार पानांचं पत्र मिळालं. पहिल्यांदा उभ्याने वाचलं, मग दुकानाची फळी लावून बसून वाचलं.

तू लिहिलंस ते माझ्या शब्दांत पुन्हा लिहितो, म्हणजे मला नीट समजलं की नाही ते तू तपासशील. होडी तुम्ही १७ मेला पाण्यात घातली. चार दिवस ती अप्रतिम चालली, किनाऱ्यावरचे लोक बघायला आले. म्हाताऱ्या मिस्त्रीने तिच्या पोटावर हात ठेवला आणि दाजींना म्हणाला, "साहेब, हिला बाहेर काढा, हिला दम लागलाय." दाजी म्हणाले, माझ्या मेव्हण्याने बांधली आहे. पाचव्या दिवशी खाडीच्या तोंडाबाहेर, जिथे पाण्याचा रंग बदलतो, तिथे आवाज झाला. तळाची फळी उचकटली. पाणी कारंज्यासारखं आलं. तू पदर दाबून धरलास त्या भोकावर, नऊवारीचा अर्धा पदर आत गेला. मिस्त्रीची होडी मागेच होती, कारण तो चारही दिवस तुमच्या मागे राहिला होता. तुला वर घेतलं. दाजींनी होडी सोडली नाही. म्हणे, ओढून नेऊ. दोन्ही होड्या लाटेने आपटल्या आणि त्यांचा उजवा हात मध्ये सापडला. अंगठा आणि शेजारची दोन बोटं.

म्हणून अक्षर तुझं. म्हणून डाव्या हाताने राम राम. म्हणून भाऊबीजेला आली नाहीस: दाजींना सदऱ्याची गुंडी एकट्याने लागत नाही, आणि माझ्या तोंडावर खोटं बोलणं तुला जमलं नसतं. म्हणून दोर तू धरतेस आणि सुकाणू ते.

हे सगळं समजलं. एक गोष्ट समजत नाही. दाजींना ठाऊक होतं. फट नाही हे त्यांनी ट्रकवरच बघितलं होतं. तरी ते त्या होडीत बसले, तुला बसवलं. का? माझी लाज राखायला? चाळीस माणसांत मी त्यांची घालवली आणि त्यांनी समुद्रावर, जिथे कोणी बघणारं नव्हतं, माझी राखली? तू लिहितेस, तू त्यांना विचारलंस तर म्हणाले, "मला वाटलं, कौतिकला माझ्यापेक्षा जास्त कळत असेल." बस एवढंच. मी हे वाक्य किती वेळा वाचलं. त्यात टोमणा शोधला. सापडत नाही.

आणि मला न कळवण्याचं कारण तू लिहिलंस त्यावर ताईबाई खूप हसली. दाजी म्हणाले होते, "त्याला सांगू नकोस. तो उद्या ट्रक घेऊन येईल, हीच होडी दुरुस्त करेल, आणि मला पुन्हा तिच्यात बसावं लागेल." मीही हसलो. मग दुकान बंद केलं आणि त्या दिवशी उघडलं नाही.

होडी कोंबड्यांनाच राहू दे. त्यांना फट नको असते.

कौतिक


जळगाव, ३० मार्च १९६९

अक्का,

तू विचारलंस, आता काय करणार. एक काम कर. त्या म्हाताऱ्या मिस्त्रीला विचार, एक्कावन्न वर्षांचा शिकाऊ माणूस ठेवतो का. राहीन मी ओट्यावर. पगार नको. कोणत्या महिन्यात कोणत्या लाकडाला किती फट, कापूस किती ताणून भरायचा, कुठे थांबायचं, एवढं मला त्याच्या हाताखाली बघायचं आहे. कापूस मी इथून आणेन, त्यात आपण कमी नाही. तो हसला तर हसू दे. मी कोणाच्या हाताखाली राहिलो नाही असं म्हणत होतो, त्याला तेही सांग.

दाजींच्या हाताबद्दल मी काय लिहू? तीन वेळा सुरुवात केली. समोर आल्यावर बघू. त्यांनी तोवर मला डाव्या हाताने का होईना चार ओळी लिहाव्यात, वेड्यावाकड्या चालतील.

परवा रुपचंद शेठ दुकानात आले. टोपी काढून फळीवर बसले, म्हणजे काम मोठं. गिरणेच्या नव्या धरणात पाणी साठलं आहे, तिथे मासेमारीचा ठेका त्यांच्या साडूने घेतला आहे. त्याला होड्या हव्यात. "कौतिकभाऊ, दहाणूला गेली तशीच. अगदी तशीच. मेहरूणला मी स्वतः रुमाल बघितला होता. पाऊस लागायच्या आत सगळ्या पाहिजेत."

म्हणजे पुन्हा एप्रिल-मेमध्ये जोडायच्या. मी म्हटलं, शेठजी, फळ्यांत फट ठेवावी लागेल. ते म्हणाले, "छे छे, गिऱ्हाईक फट बघून घेईल का? नख शिरायला नको. तुमचं नाव त्यावरच आहे."

दुकानात तेव्हा युसूफ होता, छगन होता, चाकं घ्यायला आलेले दोन शेतकरी होते. फुटल्याचं काही न सांगता 'हो' म्हणता आलं असतं. फट मी आता ठेवायला शिकलो आहे असंही स्वतःला सांगता आलं असतं; एक नमुना हौदात जमला आहे. पण हौदातला नमुना चार फळ्यांचा होता, आणि त्यात कोणी बसलेलं नव्हतं.

मी म्हटलं, "शेठजी, दहाणूची होडी पाचव्या दिवशी समुद्रात फुटली. माझ्या मेव्हण्याची तीन बोटं गेली. दोष पाण्याचा नाही, लाकडाचा नाही, माझा आहे. त्यांनी फट ठेवायला लिहिलं होतं, मी ते पुसलं."

युसूफ भाता ओढायचा थांबला. छगन खाली बघायला लागला. त्याला माझं ते टोपलीचं वाक्य आठवलं असणार. शेठनी टोपी हातात घेतली. मग म्हणाले, "ही गोष्ट मला सांगायची काय गरज होती? मला कसं कळलं असतं?"



ते उठताना पुन्हा एकदा म्हणाले, विचार करा, आगाऊ रक्कम आज देतो, पाकीट बरोबर आहे. मी नाही म्हटलं. बारा होड्या होत्या, एकीचे अकराशे पन्नास. तेरा हजार आठशे रुपये.

कौतिक